वगळलेल्याचा नकाशा

भोसरीत मी मायक्रोमीटर धरतो.
एका शाफ्टची पाच मापं घ्यायची, भागिले पाच.
एकट्या मापावर भिस्त ठेवू नये,
हात थरथरतो, लोखंड तापतं, डोळा जांभई देतो:
आकाशाच्या कितीतरी आधी
हे मला देसले सुपरवायझरांनी शिकवलं.

म्हणून धायरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड,
चार रात्री दुर्बीण एकाच जागी रोखली.
सिंहाच्या मागच्या पायाशी
तीन दीर्घिका.
नुसत्या डोळ्यांना तिथे काही नाही.
आहे तो सिंहगड रोडचा उजेड, नासलेल्या दुधासारखा,
बारापर्यंत सराफाच्या होर्डिंगचा,
बारानंतर आपला सगळ्यांचा.

दोन-दोन मिनिटांचे दोनशे बारा फोटो.
सुटा एखादा उघडला की लाज वाटते,
करपलेल्या रव्यासारखा करडा, दाणेदार,
त्यात एक पुसट डाग, असला तर.

पहिल्या रात्री कॅमेरा अकरा अंश तिरका बसला,
चारही कोपरे पुढे जुळवणीत कापले गेले.
दुसऱ्या रात्री विरळ ढग.
तिसऱ्या रात्री खडकवासल्याकडून दव आलं
आणि बायकोचा हेअर ड्रायर
चार मजले वायर ओढत वर गेला
(ती अजून विचारते, त्याला माती कशी लागली).
चौथ्या रात्री रोजे सुरू झाले होते.
पहाटे चारला दुसऱ्या मजल्यावरच्या शमशाद मुल्ला
टाकीचा कॉक बघायला वर आल्या,
नळाला पाणी नव्हतं,
मोबाईलचा टॉर्च थेट नळीच्या तोंडावर.
"काय बघताय?"
मी बोट दाखवलं. टॉर्च विझला.
बराच वेळ आम्ही दोघांनी
काही न दिसणारी जागा पाहिली.
"दिसत तर नाही."
"नाही. साठवतोय."
फोटो क्रमांक सदतीस, पांढराफटक.

मग झाकण लावून अंधाराचे फोटो घेतले,
आपलीच खरखर किती, ते आधी कबूल करायला.
मग तोंडावर पांढरा बनियन ताणून उजाडत्या आभाळाचे,
काचेवरची धूळ काचेच्या नावावर टाकायला.

रविवारी लॅपटॉपचा पंखा
मिक्सरसारखा ओरडत होता.
चौपट फोटो, निम्मी खरखर.
आणखी निम्मी हवी तर आणखी चौपट.
भाव ठरलेला, मंडईतली घासाघीस नाही.
खरखर दर फोटोत नवं काही बडबडते
आणि स्वतःलाच खोडते.
त्या तिघी चारही रात्री तेच म्हणत होत्या,
साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचं.
हळूहळू आल्या. दोघी कलंडलेल्या,
तिसरी कडेवर उभी,
पोटातून धुळीची काळी रेघ गेलेली.
मी चहा टाकला आणि तो उतू गेला.

सॉफ्टवेअर आणखी एक फाईल देतं
जी सहसा कुणी उघडत नाही:
जे जे एखाद्याच रात्री घडलं
आणि सरासरीत बसलं नाही, त्याचा नकाशा.
उपग्रहांच्या सरळ रेघा,
लोहगावला उतरणारी विमानं, ठिपक्या-ठिपक्यांची,
आणि सगळ्यावर पसरलेला
एक फिकट, गोल उजेड.

पाचांतलं एक माप फारच वेगळं आलं
तर देसले म्हणायचे, काढून टाक,
पण वहीत लिही.
का, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही, शिफ्ट संपत आलेली असायची.

जिन्यात शमशादबाई भेटल्या तेव्हा फोन पुढे केला.
दोन बोटांनी फोटो मोठा करून
तिसऱ्या दीर्घिकेवर त्यांनी नखाने खरवडलं,
"काच पुसत नाही का हो तुम्ही?"
मग दुसरी फाईल उघडली.
म्हटलं, या तुम्ही.
त्या पाहत राहिल्या,
हातातली पिशवी पायरीवर ठेवून.
"एवढा उजेड पडला?"
आणि दोन पायऱ्या उतरून, वळून,
"कॉक मात्र बंदच निघाला,
कुणी केला कळलं नाही."